रक्तातलं शिसं

"तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टर काझी मला म्हणाल्या. "हिच्या मावशी थांबल्या तरी चालतील."

मी केतकीची पिशवी उचलून बाहेर आले. दाराला नुसता हिरवा पडदा होता. पंख्याच्या वाऱ्याने तो हलायचा आणि आतलं सगळं ऐकू यायचं.

"केतकी, घरी तुला जेवायला कोण देतं?"

"काकू."

"काकू म्हणजे आत्ता बाहेर गेल्या त्या?"

"हो."

"बाबा घरी नसताना त्या वेगळं काही खायला देतात? गोळी, पूड, चाटण असं काही?"

केतकी विचार करत असावी. मग म्हणाली, "मध देतात. आल्याच्या रसात. खोकला झाला होता तेव्हा."

आत पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. तेव्हा मला कळलं की आत तपासणी केतकीची नाही, माझी चालली आहे.

माझं लग्न उशिरा झालं. बत्तिसावं गाठलं होतं, शिवणकामाचे वर्ग चालवत होते, लग्नाचा विचारही सोडून दिला होता. मग लोमट्यांचं स्थळ आलं. जनावरांचे डॉक्टर, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, पाच वर्षांची मुलगी. मी त्यांना तेव्हा लोमटे म्हणायची, अजूनही लोमटेच म्हणते. लग्नानंतर लगेच त्यांची बदली कवठाळीला झाली. गावाबाहेर माळावर जनावरांचा दवाखाना आणि मागे आमचं क्वार्टर, शेजार नाही. लग्न ठरताना केतकीला माझी ओळख 'काकू' म्हणून करून दिली होती, ते नाव तसंच राहिलं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. निदान मी तसं म्हणायची.

कवठाळीला आल्यावर चार-सहा महिन्यांत पोर कोमेजायला लागली. पोटात कळा यायच्या, जेवण नको म्हणायची, ओठ पांढरे पडले. शाळेतून आली की नुसती पडून राहायची. शिकलेली अक्षरं विसरायची. जंताचं औषध झालं, कावीळ तपासली, पाणी तपासलं. ग्रामपंचायतीचा माणूस येऊन बाटली घेऊन गेला आणि पाण्यात जंतू नाहीत, खुशाल प्या, असं सांगून गेला. दिवाळीत शकूताई तिला घेऊन गेल्या. शकूताई म्हणजे केतकीच्या आईची थोरली बहीण. लग्न केलेलं नव्हतं, तालुक्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, तिथलं वसतिगृहही बघायच्या, राहायच्या मात्र गावातल्या एका वाड्यात. त्यांच्याकडे केतकी जेवायला लागली, खेळायला लागली. परत आली आणि पुन्हा आडवी झाली.

हे मला दिसत होतं. शकूताईंनाही दिसत होतं. म्हणूनच त्या आमच्याबरोबर जिल्ह्याच्या दवाखान्यात आल्या होत्या.

पडदा बाजूला झाला. डॉक्टर काझींनी मला आत बोलावलं, बस म्हणाल्या नाहीत.

"मुंबईहून रिपोर्ट आलाय. हिच्या रक्तात शिसं आहे. लहान मुलाच्या रक्तात ते मुळीच असायला नको. हिच्यात पुष्कळ आहे."

"शिसं म्हणजे?" मी विचारलं.

"धातू. पण शरीराच्या दृष्टीने विषच म्हणा. रक्त खातं, मेंदूवर जातं."

"ते पोटात कसं जाईल?"

"तेच शोधायचंय. काजळात असू शकतं, कुंकवात, रंगात. काही देशी भस्मांत असतं. किंवा..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते शकूताईंनी परतीच्या एस.टी.त पुरं केलं. केतकी माझ्या मांडीवर झोपली होती. शकूताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "किंवा कुणी मुद्दाम घालत असेल तर."

त्या आपल्या स्टॉपवर उतरल्या नाहीत. आमच्याबरोबर कवठाळीला आल्या आणि शाळेत रजेचा अर्ज धाडून राहिल्या.

लोमट्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते मुळात कमी बोलणारे. जेवले, हात धुतले आणि दवाखान्यात गेले. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले तर ते औषधांच्या कपाटाला कुलूप लावत होते. त्या कपाटाला कधी कुलूप नसायचं. किल्ली त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली.

"कुलूप कशाला?" मी विचारलं.

"औषधं आहेत जनावरांची. असलेलं बरं."

"इतके दिवस नव्हतं."

"लहान मूल आहे घरात," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी चहा घेतला. एक घोट घेण्याआधी ते थांबले. क्षणभरच. मग प्यायले. पण ते थांबणं मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर शकूताईंनी ताब्यात घेतलं. केतकीचं जेवण त्या स्वतः करायच्या, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डब्यातलं पीठ काढून. पाणी गाळायच्या, खळखळ उकळायच्या, गार करून तांब्यावर झाकणी ठेवायच्या आणि झाकणीवर वाटी, म्हणजे मी उघडलं तर आवाज व्हावा. मी केतकीची वेणी घालायला बसले की त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या.

मीही काही धुतल्या तांदळासारखं मन ठेवून नव्हते. शकूताईंसाठी लोमट्यांचा विचार झाला होता, हे मला लग्नाआधीच कुणीतरी सांगितलं होतं. धाकटी गेल्यावर थोरलीने पोर सांभाळायला त्या घरात जावं, असं सगळ्यांच्या मनात होतं. लोमटे नको म्हणाले, का ते ठाऊक नाही. मग मी विचार करायची, ही बाई माझ्या संसारात येऊन चूल फुंकतेय ती कुणासाठी? त्या केतकीसाठी घरी पाडलेलं काजळ घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी काजळाचं नाव घेतलं होतं. मी एक दिवस त्या डबीतलं बोटभर काजळ कागदात बांधून डॉक्टर काझींकडे पाठवून दिलं. त्यात काही निघालं नाही. पण शकूताईंना ते कळलं.

"माझ्या काजळावर संशय घेतलात तुम्ही, कुमुदताई?"

"तुम्ही माझ्या मधावर घेतलात."

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबवले नाहीत. "श्रावणात तुमचं मूल गेलं. वाईट झालं. मी देवाला म्हटलं होतं, हिलाही मूल होऊ दे. पण बाईच्या मनात येतं कधीकधी, की आपलं गेलं, आणि दुसरीचं मात्र अंगणात खेळतंय..."

"पुढे बोलू नका."

"मी नाही बोलत. लोक बोलतील."

"लोकांना कोण सांगणार आहे? इथे माळावर कोण लोक आहेत?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. मी मागच्या दारात जाऊन बसले. तिसऱ्या महिन्यात गेलेल्या त्या मुलाविषयी तोवर माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. बोललं ते असं.

त्या दिवशी मी माझं गाठोडं बांधलं होतं. आईकडे जायचं आणि परत यायचं नाही. पण केतकी आली, बाजूला बसली आणि म्हणाली, "काकू, माझं पोट दाबून दे ना. मावशीला जमत नाही." मी तिचं पोट दाबत बसले. शकूताई उंबऱ्यात होत्याच.

वाटत होतं, आता सगळं त्यांच्या हातात आहे, तर पोर सुधारेल. ती सुधारली असती तर माझं काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो. पण ती सुधारली नाही. एका सकाळी शाळेचा गणवेश घालता घालता तिचे डोळे फिरले, दातखीळ बसली आणि हातपाय ताठ झाले. लोमट्यांनी तिला तशीच उचलून जीपमध्ये घातली. मी मागे बसून तिचं डोकं धरलं होतं. शकूताई समोरून पाय धरून बसल्या होत्या. वाटेत आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

डॉक्टर काझींनी तिला भरती करून घेतलं. झटके थांबले. रक्त पुन्हा मुंबईला गेलं आणि उत्तर आलं तेव्हा त्यांनी आम्हा तिघांना आत बोलावलं.

"शिसं वाढलंय," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं, जे काही जातंय ते थांबवा. स्वयंपाक आता कोण करतं?"

लोमटे जमिनीकडे बघत होते. शकूताई म्हणाल्या, "मी."

"सगळा?"

"केतकीचा सगळा. ह्यांना मी हात लावू दिला नाही."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. ती नजर मला ओळखीची होती. पडद्याबाहेर आणि पडद्याआत ती मी महिनाभर झेलली होती. आता ती शकूताईंवर होती आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण त्या पोरीला किती जपत होत्या ते माझ्याइतकं कुणीच पाहिलं नव्हतं. संशयाने का होईना, मी त्यांच्यावर सतत नजर ठेवून होते. पीठ त्यांनी चाळलेलं, पाणी त्यांनी उकळलेलं, घास त्यांनी भरवलेला. त्यांनी काही घातलं नव्हतं. मीही घातलं नव्हतं. मग घरात घालणारं कोण?

"डॉक्टर, माझं रक्त तपासा," मी म्हणाले.

"तुमचं? कशाला?"

"माझंही पोट दुखतं. केतकीसारखंच. सांधे धरतात. मी कुणाला सांगितलं नाही, म्हटलं मूल गेल्यामुळे असेल."

डॉक्टर काझी उठल्या. खिडकीपाशी नेऊन त्यांनी माझा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला आणि हिरड्यांच्या कडेची निळसर रेघ बघितली. बराच वेळ. "मूल कितव्या महिन्यात गेलं?" त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता.

"तिसऱ्या."

"बसा," त्या म्हणाल्या. त्यांनी मला पहिल्यांदाच बसायला सांगितलं. "तिघांचंही रक्त घेते."

रिपोर्ट येईपर्यंत आम्ही वॉर्डातच होतो. केतकीला शिसं काढायचं इंजेक्शन चालू होतं, ते फार दुखायचं. एका बाजूने मी धरायची, दुसऱ्या बाजूने शकूताई.

माझ्या रक्तात केतकीपेक्षा जास्त शिसं निघालं. पोटातलं मूल जायला तेवढं पुरेसं होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. शकूताईंच्या रक्तातही चढायला लागलं होतं. लोमट्यांच्या रक्तात होतं, पण अगदी थोडं.

डॉक्टरांनी हे सांगितलं. मग शकूताईंनी हळूच मान वळवून आपल्या दाजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. औषधांचं कपाट त्यांचं होतं. किल्ली त्यांच्या खिशात होती. आम्ही तिघी आजारी आणि हा माणूस धडधाकट.

"अशा काय बघताय माझ्याकडे?" लोमटे म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "कुमुद? मी... माझ्या पोरीला?"

मी नजर हटवली नाही. कपाटाला कुलूप लावलं त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

डॉक्टर काझींनी टेबलावर हात ठेवला. "थांबा. भांडायला नंतर वेळ आहे. लोमटेसाहेब, घरात ह्या तिघी जे घेतात आणि तुम्ही घेत नाही, असं काय आहे? नीट आठवा."

"जेवतो एकच. सकाळी नि संध्याकाळी."

"दुपारी?"

"दौऱ्यावर असतो. ज्या गावात असेन तिथे. नाहीतर दवाखान्यात डबा खातो."

"पाणी?"

"दवाखान्यात माठ आहे."

"माठात पाणी कुठलं?"

"समोरच्या हापशाचं. शिपाई भरतो."

"आणि घरात?"

"घरात नळ आहे. बोअरचं पाणी वर टाकीत चढतं, तिथून..." लोमटे बोलता बोलता थांबले. "पण पाणी तपासलंय आम्ही."

"जंतूंसाठी," डॉक्टर म्हणाल्या. "आणि कुठलं तपासलं? टाकीतलं की बोअरचं?"

"बोअरचं."

"मी उकळून देत होते," शकूताई म्हणाल्या. "रोज उकळून."

"उकळल्याने जंतू मरतात, ताई. शिसं नाही मरत. उलट पाणी आटतं आणि ते घट्ट होतं."

शकूताईंनी पदर तोंडावर धरला.

गावाहून आलेली माझी आई वॉर्डात केतकीजवळ बसली आणि आम्ही तिघं कवठाळीला गेलो. छपरावर जायला लोखंडी शिडी होती. टाकीही लोखंडीच, आम्ही राहायला यायच्या जरा आधी बसवलेली. तिच्या झाकणाला लोमट्यांनी जोर लावला तेव्हा ते करकरत उघडलं. आत ऊन पडलं.

आतून ती टाकी मारुतीच्या मूर्तीसारखी शेंदरी होती. गंज चढू नये म्हणून रंग दिला होता, वर दुसरा हात नव्हता. त्याचे पोपडे सुटले होते. काही पाण्यावर तरंगत होते, आणि तळाला नारिंगी गाळ बसला होता. माळावरच्या उन्हात ते पाणी कोमट झालं होतं.

लोमट्यांनी एक पोपडा उचलून बोटांत चुरडला.

"हा शेंदूर आहे," ते म्हणाले. "शेंदूर शिशाचाच असतो. एका फाटकाचा असा रंग चाटून वासरू मेलेलं मी पाहिलंय. पोट फाडून मीच सांगितलं होतं मालकाला, शिशाने मेलं." ते तिथेच तापलेल्या छपरावर बसले. "आणि घरावर काय आहे ते चढून बघितलं नाही. कपाटाला कुलूप लावलं."

मी त्यांच्याजवळ गेले नाही. नंतर पुष्कळ दिवसांनी गेले. तेव्हा नाही.

शकूताई अजून टाकीत बघत होत्या. मग त्यांनी बाहेरची बाजू हाताने पुसली, झाकणाची कडी पाहिली, खालचे पाय पाहिले.

"दाजी, ही टाकी कुणी बसवली?"

"ठेकेदाराने. मोठा ठेका होता त्याचा. सरकारी इमारतींवर, शाळांवर, लांबलांबपर्यंत अशाच बसवल्यात म्हणे."

"आमच्या वसतिगृहावर हीच आहे," शकूताई म्हणाल्या. "अशीच कडी. असेच पाय. पोरी सांगतात, बाई, नळाला लाल भुगा येतो. मी म्हणते गंज असेल, फडक्याने गाळून प्या. मी स्वतः मात्र वाड्यातल्या आडाचं पिते." त्यांनी माझा दंड धरला, इतका घट्ट की बोटं रुतली. "सत्तर-ऐंशी पोरी आहेत गं तिथे."

पुढे ज्या गोष्टी झाल्या त्यांना वेळ लागला. डॉक्टर काझींनी टाकीचं पाणी तपासायला पाठवलं, वर कळवलं, लोकांनी दाबायचा प्रयत्न केला, त्यांनी पुन्हा कळवलं. मग एकेका जिल्ह्यातून बाटल्या गोळा व्हायला लागल्या. वसतिगृहं, शाळा, क्वार्टर्स. पुष्कळ ठिकाणच्या पाण्यात शिसं निघालं. टाक्या उतरवल्या. ठेकेदारावर खटला भरला, तो वर्षानुवर्षं चालला आणि तो माणूस त्याआधीच वारला. केतकी वाचली. तिला वाचायला-लिहायला इतरांपेक्षा फार कष्ट पडले, अजूनही पडतात. आता ती नर्सरी चालवते, झाडांची. मला पुन्हा मूल राहिलं नाही.

पण त्या दिवशी ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. लोमटे पाण्याची बाटली भरून जिल्ह्याच्या दवाखान्याकडे गेले आणि आम्ही दोघी एस.टी. पकडून तालुक्याला. बसमध्ये शकूताईंनी मला क्षमा वगैरे मागितली नाही. मीही वाट बघितली नाही. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळच्या भाताला पाणी चढायच्या आत पोचलं पाहिजे."

वसतिगृहाचे अधीक्षक घोडके कट्ट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि पेपराची घडी घातली.

"बाई, टाकी बंद केली तर एवढ्या मुलींना पाणी कुठून देऊ? लेखी काहीतरी आणा. वरून आदेश येऊ दे."

"आदेश येईपर्यंत त्या पीत राहतील."

"दोन वर्षं पितायत. काय झालंय त्यांना?"

"पोटदुखी किती जणींना आहे?" मी विचारलं. "पाळी अनियमित? चक्कर? अक्षरं विसरतात?"

घोडक्यांनी घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला. दारात उभ्या राहिलेल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने हात अर्धवट वर केला आणि खाली घेतला.

शकूताईंनी पदर खोचला आणि शिडीला हात घातला. त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या, अंगाने जड. मी त्यांच्या मागोमाग चढले. टाकीच्या तळाशी पाणी सोडायचा व्हॉल्व्ह होता, तो गंजून गच्च बसला होता. शकूताईंनी दोन्ही हातांनी पिळला, हलला नाही. मी छपरावर पडलेली वीट उचलली आणि त्याच्या दांडीवर घातली.

"अहो! काय चाललंय?" घोडके खालून ओरडत होते. "शकुंतलाबाई, नोकरी करता तुम्ही इथे, विसरू नका! आणि ही बाई कोण? ही कुणाच्या परवानगीने वर चढली?"

शकूताईंनी वाकून खाली पाहिलं. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"ही?" त्या म्हणाल्या. "ही केतकीची आई आहे."

घोडक्यांना केतकी कोण तेच ठाऊक नव्हतं. त्यांनी काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही. मी हातातल्या विटेकडे बघत होते आणि वीट दिसत नव्हती. मग शकूताई म्हणाल्या, "घाल अजून एक घाव," आणि मी घातला. व्हॉल्व्ह सुटला. जाड धार अंगणात कोसळली, आधी स्वच्छ, मग नारिंगी, आणि उन्हाने तापलेली फरशी सगळी भिजून गेली.

खाली मुलींना काय झालंय ते कळलं नव्हतं. एवढं पाणी एकदम पडताना बघून त्यांना हसू फुटलं. दोघी-तिघी धावत आल्या आणि ओंजळी करून त्यांनी हात धारेखाली धरले.

आम्ही दोघी वरून एकाच वेळी ओरडलो.